कोंबड्यांच्या साथी आणि पहिली खबर

बेंगळूरच्या आग्नेयेस असलेले बेळ्ळंदूर हे एके काळी तळ्याकाठचे शेतकऱ्यांचे गाव होते. आज तेथे उंच इमारती, मोठमोठ्या कचेऱ्या आणि नोकरीनिमित्त भारताच्या सर्व प्रांतांतून आलेली कुटुंबे आहेत; त्यांत मराठी कुटुंबेही पुष्कळ आहेत. गावाचे तळे हे शहरातील सर्वांत मोठे तळे होय. २०१५ पासूनच्या काही वर्षांत सांडपाण्याचा फेस व पृष्ठभागावर लागलेल्या आगी ह्यांमुळे त्याचे नाव देशभर गाजले. अशा वस्तीत कोंबड्यांचे खुराडे आता सहसा दिसावयाचे नाही. तथापि कोंबडी मात्र येथे रोज येते. कर्नाटकातील आणि शेजारच्या तमिळनाडूतील शेडांतून पिंजऱ्यांनी भरलेली वाहने पहाटे शहरात शिरतात आणि दिवस उजाडण्यापूर्वी रस्त्याकडेच्या दुकानांत पक्षी उतरवून परत फिरतात. ज्या पक्ष्यांनी जन्मभर एकमेकांस पाहिलेले नसते, ते दुकानाच्या एकाच पिंजऱ्यात एकमेकांच्या श्वासाशी श्वास लावून उभे राहतात.

अशा एखाद्या दुकानात सायंकाळी पिंजऱ्याच्या तळाशी दोन-तीन कोंबड्या मरून पडलेल्या आढळल्या, तर दुकानदार काय करील? बहुधा तो त्या उचलून कचऱ्यात टाकील आणि उरलेल्या लवकर विकून मोकळा होईल. ज्या शेडातून त्या आल्या तेथेही त्याच दिवशी नेहमीपेक्षा अधिक मरतूक झालेली असेल, तर शेडाचा मालकही बहुधा हेच करील. त्यांस दोष देणे सोपे आहे. परंतु कोंबड्यांतील सांसर्गिक विषाणुजन्य रोगांवर देखरेख ठेवण्याची आपली सारी व्यवस्था ह्या दोघांच्या त्या एका सायंकाळच्या निर्णयावर उभी आहे, ही गोष्ट आपण पुरेशी ध्यानात घेतलेली नाही, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. ह्या मताची कारणे येथे मांडावयाची आहेत.

प्रथम रोगांचा विचार करू. आपल्याकडील कोंबडीपालकास सर्वांत परिचित असलेला विषाणुजन्य रोग म्हणजे राणीखेत, ज्याला खेड्यापाड्यांत मानमोडी म्हणतात. हा रोग १९२६ मध्ये जावा बेटावर आणि इंग्लंडातील न्यूकॅसल येथे आढळला. त्यानंतर लवकरच, १९२८ च्या सुमारास, कुमाऊंमधील राणीखेत येथील साथीचे वर्णन प्रसिद्ध झाले आणि भारतात त्या गावाचेच नाव रोगास चिकटले. पक्षी चोच उघडून धापा टाकू लागतो, हिरवट हगवण लागते, पाय लुळे पडतात आणि मान पिळवटून पाठीकडे वळते. रोग अंगात शिरल्यापासून लक्षणे दिसेपर्यंत साधारणतः पाच-सहा दिवस जातात. ह्या रोगावर लस आहे. त्याच कुमाऊंतील मुक्तेश्वरच्या संशोधनसंस्थेत सौम्य केलेल्या विषाणूपासून बनविलेली लस आपल्या देशात दीर्घ काळ वापरात आहे.

दुसरा रोग म्हणजे बर्ड फ्ल्यू, अर्थात पक्ष्यांचा इन्फ्लुएन्झा. ह्याच्या तीव्र प्रकारात तुरा व गळ्याखालचे लोंबते मांस सुजून निळसर पडते, पायांवर रक्ताचे चट्टे उठतात, आणि पुष्कळदा काहीच लक्षण न दिसता शेडच्या शेड दोन-तीन दिवसांत आडवे होते. त्याचा एच५एन१ हा प्रकार माणसासही होऊ शकतो. २००३ पासून जगात सुमारे हजार माणसांस तो झाल्याची नोंद आहे आणि त्यांतील जवळजवळ निम्मी दगावली. रोग केवळ पक्ष्यांत थांबत नाही ह्याचे ताजे उदाहरण महाराष्ट्रातच आहे. नागपूरच्या गोरेवाडा केंद्रात २०२४ च्या डिसेंबरात तीन वाघ व एक बिबट्या मरण पावले आणि त्यांच्या शरीरात हाच विषाणू सापडला.

अडचण अशी, की सुरुवातीच्या दिवसांत हे दोन रोग नुसत्या डोळ्यांनी वेगळे ओळखता येत नाहीत. एकाचा उपाय लस हा आहे, तर दुसऱ्याचा उपाय रोगग्रस्त कळप नष्ट करणे हा आहे. चूक केवढ्यास पडते हे नवापूरने दाखवून दिले. नंदुरबार जिल्ह्यातील ह्या तालुक्याच्या गावी गुजरातच्या सीमेलगत मोठा कुक्कुटव्यवसाय उभा राहिला होता. १८ फेब्रुवारी २००६ रोजी तेथे भारतातील पहिला बर्ड फ्ल्यू निश्चित झाला. कोंबड्या त्यापूर्वीच काही दिवस मरत होत्या. परंतु ती मरतूक आरंभी राणीखेतची समजली गेली. नंतर ३ किलोमीटरच्या परिघातील लक्षावधी पक्षी मारावे लागले. मार्चमध्ये जळगाव जिल्ह्यातही रोग आढळला. आणि ज्या राज्यांत एकही कोंबडी आजारी नव्हती, तेथेही कोंबडी-अंड्यांचे भाव कोसळले.

रोग ओळखण्याची साधने आपणांपाशी नाहीत असे मुळीच नाही. जिवंत पेशीवाचून विषाणू वाढत नाही. म्हणून संशयित पक्ष्याच्या घशातील अथवा विष्ठामार्गातील द्रव नऊ ते अकरा दिवस उबविलेल्या अंड्यात टोचून तो वाढवितात. पुढची परीक्षा फार सुंदर आहे. हर्स्ट ह्या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९४१ मध्ये असे दाखविले, की इन्फ्लुएन्झाचा विषाणू कोंबडीच्या तांबड्या रक्तपेशींस एकमेकींशी जोडतो. राणीखेतच्या विषाणूसही हाच गुण आहे. लहानशा वाटीत नुसत्या रक्तपेशी ठेवल्या तर त्या तळाशी घरंगळून तांबडा ठिपका बनतो. विषाणू असेल तर त्यांचे जाळे होऊन ते तळभर पसरते. आता ह्याच वाटीत रक्तजल, म्हणजे रक्त गोठल्यावर सुटणारा पाणीदार भाग, घातले आणि त्यात त्या विशिष्ट विषाणूविरुद्धची प्रतिपिंडे असली, तर विषाणू बांधला जातो आणि पुन्हा ठिपका दिसतो. ठिपका की जाळे, एवढ्यावरून पक्ष्याचा पूर्वेतिहास वाचता येतो. ह्याच्या जोडीस आज विषाणूचे जनुकद्रव्य शोधणारी परीक्षा आली असून तिचे उत्तर काही तासांत मिळते.

संस्थाही आहेत. बेंगळूरमधील हेब्बाळ येथे दक्षिणेकडील राज्यांसाठी रोगनिदानाची प्रादेशिक प्रयोगशाळा आहे. पुण्यास औंध येथे पश्चिमेकडील राज्यांसाठी आहे. आणि बर्ड फ्ल्यूचे अंतिम निदान करणारी राष्ट्रीय उच्चसुरक्षा प्रयोगशाळा भोपाळला आहे. बेंगळूरच्याच येलहंका भागात पशुरोगांच्या साथींचा अभ्यास करून गुराढोरांच्या रोगांची पूर्वसूचना राज्यांस देणारी राष्ट्रीय संस्था काम करते. तेव्हा ज्ञान, उपकरणे व तज्ज्ञ ह्यांचा दुष्काळ हे आपल्या दुखण्याचे मूळ नव्हे.

मूळ कोठे आहे हे एका साध्या गणिताने कळते. समजा, एका मोठ्या शेडातील शंभरांपैकी पाच पक्ष्यांत रोग शिरला आहे आणि सरकारी पशुवैद्य तेथे येऊन दहा धडधाकट दिसणाऱ्या पक्ष्यांचे नमुने घेतो. त्या दहांत एक तरी रोगी पक्षी येण्याचा संभव शेकडा ४० इतकाच आहे. म्हणजे शंभर वेळांपैकी साठ वेळा रोगग्रस्त शेडास निर्दोष असल्याचे प्रमाणपत्र मिळेल. शेकडा ९५ इतकी खात्री हवी असेल, तर ५९ पक्षी तपासावे लागतील. आणि रोग शंभरांत एकाच पक्ष्यास झाला असेल, तर तेवढ्याच खात्रीसाठी २९९ पक्षी तपासावे लागतील. देशातील प्रत्येक शेडात, प्रत्येक पंधरवड्यास, एवढे नमुने घेणे कोणत्याही सरकारास परवडणार नाही.

पण हीच गोष्ट उलट बाजूने पाहा. ज्या पक्ष्याचा रोगाने बळी घेतला, तो पक्षी विषाणूने भरलेला असतो. आज सकाळी अनपेक्षितपणे मेलेल्या पाच कोंबड्या प्रयोगशाळेपर्यंत पोहोचल्या, तर त्या धडधाकट दिसणाऱ्या तीनशे कोंबड्यांहून अधिक सांगतील. ह्या पाच कोंबड्या मात्र पशुवैद्यास दिसत नाहीत. त्या फक्त मालकास, शेडावरील मजुरास किंवा दुकानदारास दिसतात. अंडी एकाएकी घटणे, खाद्य शिल्लक राहणे, पाण्याची टाकी रोजच्या वेळी रिकामी न होणे, ही मृत्यूपूर्वीची चिन्हेही त्यांनाच दिसतात. म्हणून देखरेखीची पहिली पायरी प्रयोगशाळा नव्हे; तर मालकाने न लपविलेला मृत पक्षी ही होय.

मग मालक तो का लपवितो? सांसर्गिक पशुरोगांसंबंधीच्या २००९ च्या केंद्रीय कायद्याने रोगाची खबर देणे बंधनकारक केलेले आहे आणि न देणाऱ्यास शिक्षाही आहे. परंतु त्याच्या मनातील हिशोब कायद्याच्या पुस्तकातील नसतो. खबर दिली आणि बर्ड फ्ल्यू निघाला, तर आपला कळप जाईल. भोवतालच्या एक किलोमीटरमधील शेजाऱ्यांचेही कळप जातील व त्याचा ठपका आपल्यावर येईल. दहा किलोमीटरपर्यंतच्या टापूवर निर्बंध लागतील. खबर दिली नाही, तर निदान उरलेले पक्षी आज रात्री विकता येतील. ह्या तराजूच्या दुसऱ्या पारड्यात सरकारने भरपाई ठेवली आहे. २०२१ च्या जानेवारीत परभणी जिल्ह्यातील मुरुंबा येथे रोग आढळला त्या वेळी महाराष्ट्रात आठ आठवड्यांवरील अंड्यांच्या कोंबडीस ९० रुपये, सहा आठवड्यांवरील मांसाच्या कोंबडीस ७० रुपये आणि एका अंड्यास ३ रुपये असा दर होता. तथापि ही भरपाई सरकारने मारलेल्या पक्ष्यांची असते. रोगाने आधीच मेलेल्यांची नसते.

ह्या नियमामागील हेतू चांगला आहे. जो लवकर सांगेल त्याचे अधिक पक्षी जिवंत असतील, म्हणून त्यास अधिक भरपाई मिळेल, अशी ही योजना आहे. परंतु खबर दिल्यापासून भोपाळचे उत्तर येईपर्यंत जे दिवस जातात, त्या दिवसांत रोग थांबत नाही. खबर देणाऱ्या मालकास ह्या काळात पक्षी विकता येत नाहीत आणि मेलेल्या प्रत्येक पक्ष्याबरोबर त्याची भरपाईही मरते. म्हणजे प्रामाणिक माणसाने कर्तव्य केले, आणि त्यानंतर झालेल्या विलंबाचा दंड मात्र त्यानेच भरला. हा न्याय नव्हे. आणि शास्त्राच्या दृष्टीने पाहिले तर हा शहाणपणाही नव्हे.

म्हणून पहिली सूचना अशी, की भरपाईची मोजणी खबर दिल्याच्या दिवशी जिवंत असलेल्या पक्ष्यांवरून व्हावी. मालकाने जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात खबर द्यावी, त्यास दिनांकासह पोच मिळावी, त्याच किंवा दुसऱ्या दिवशी पशुवैद्याने शेडात जाऊन पक्षी मोजावेत, आणि रोग निश्चित झाल्यास त्या आकड्यावर पैसे द्यावेत. ह्यावर कोणी म्हणेल, की ह्याने लबाडीस वाव मिळेल आणि तिजोरीवर भार पडेल. पहिल्या आक्षेपास उत्तर असे, की निदान प्रयोगशाळा करते, मालक नव्हे. खोट्या खबरीने रोग निश्चित होत नाही आणि रोग निश्चित झाल्यावाचून पैसा मिळत नाही. आणि मोजणी पशुवैद्याची असल्याने आकडा फुगविण्यासही जागा राहात नाही. दुसऱ्या आक्षेपास उत्तर नवापूरने दिले आहे. आठ दिवस आधी कळलेल्या एका शेडाची पुरती किंमत आणि आठ दिवस उशिरा कळलेल्या पन्नास शेडांची अर्धी किंमत ह्यांत स्वस्त कोणती, हे सांगावयास अर्थशास्त्री नको. आज पुष्कळ शेडांत पिले व खाद्य कंपनीचे आणि श्रम शेतकऱ्याचे अशी करारपद्धती आहे. तेथे ज्याने मरतूक प्रथम पाहिली व कळविली त्या पाळणाऱ्याचाही भरपाईत ठरलेला वाटा असावा. नाहीतर ज्याचे डोळे आपणांस हवे आहेत, त्यालाच डोळे मिटण्यात लाभ राहील.

दुसरी सूचना खबरीच्या उत्तराविषयी आहे. मालकाने नमुने द्यावेत आणि नंतर त्यास काहीच कळू नये, असे झाले तर तो पुन्हा देणार नाही. बर्ड फ्ल्यू नसून राणीखेत निघाला, तरी तेही त्यास ठरावीक मुदतीत लेखी कळले पाहिजे. कोणती लस केव्हा टोचावी, शेडातील तुसाची गादी कशी काढून टाकावी, पुढील तुकडी किती दिवसांनी आणावी, हा सल्लाही त्याबरोबर मिळाला पाहिजे. ज्या खबरीचा खबर देणाऱ्यासही उपयोग होतो, तीच खबर नियमितपणे येत राहते. दर शेडात एक साधी वही असावी व तीत रोजची मरतूक, अंडी, खाद्य आणि पाणी ह्यांचे चार आकडे लिहावेत. रोजच्या सरासरीहून मरतूक दुप्पट झाली की वही घेऊन दवाखाना गाठावयाचा, एवढी सवय लागली तरी अर्धे काम झाले.

तिसरी सूचना शहरांविषयी आहे, आणि येथे आपण पुन्हा बेंगळूरकडे वळू. शेड हे रोगाचे घर असेल, तर दुकान हा त्याचा चव्हाटा आहे. २०१८ च्या जानेवारीत बेंगळूरमधील दासरहळ्ळी येथे कोंबड्यांत एच५एन८ हा प्रकार आढळला. म्हणजे रोग शहराच्या वस्तीतही येऊ शकतो. हाँगकाँगने ह्या बाबतीत मोठी किंमत देऊन धडा घेतला. १९९७ मध्ये तेथे १८ माणसांस एच५एन१ ची बाधा होऊन ६ मरण पावली आणि शहरातील सर्व कोंबड्या मारण्यात आल्या. पुढे २००१ पासून तेथील जिवंत पक्ष्यांच्या बाजारांत महिन्यातून एक विश्रांतीचा दिवस पाळला जाऊ लागला. त्या दिवशी सर्व पिंजरे रिकामे करून धुवावयाचे. रिकाम्या पिंजऱ्यात विषाणूस नवा बळी मिळत नाही व साखळी तुटते. हा उपाय बेळ्ळंदूरच्या दुकानास जमण्याजोगा आहे. त्याच्या जोडीस, पक्षी कोणत्या शेडातून आले ह्याची चिठ्ठी दुकानदाराने ठेवावी आणि पिंजऱ्यातील मृत पक्षी पालिकेच्या पशुवैद्याकडे द्यावेत. दुकानात मेलेल्या एका कोंबडीवरून शंभर मैलांवरील शेडाचा माग लागू शकेल. मात्र येथेही तोच नियम हवा: देणाऱ्याचे दुकान त्या दिवशी बंद करावे लागले, तर त्याची नुकसानी त्याच्या पदरात घालू नये.

ह्या सर्वांत एक मोठा अडसर आहे, तो लज्जेचा. आपल्या शेडात रोग निघाला म्हणजे आपली अस्वच्छता उघडी पडली, असे मालकास वाटते. त्याने हे ध्यानात घ्यावे, की २०१२ च्या ऑक्टोबरात बेंगळूरजवळील हेसरघट्टा येथे केंद्र सरकारच्याच कुक्कुटविकास संस्थेतील टर्की पक्ष्यांत एच५एन१ आढळला होता. जेथे तज्ज्ञ आहेत, कुंपण आहे, शिस्त आहे, तेथेही विषाणू शिरतो. रोग होणे हा अपराध नव्हे. तो दडविणे हा मात्र समाजाचा घात होय.

आणि शेवटी कोंबडी विकत घेणाऱ्या आपणां सर्वांविषयी. वर्तमानपत्रात रोगाची बातमी आली की आपण कोंबडी खाणे एकदम सोडून देतो. पूर्णपणे शिजलेल्या मांसात, म्हणजे ज्याच्या आतील भागापर्यंत ७० अंश सेल्सिअस उष्णता पोहोचली आहे त्यात, हा विषाणू जिवंत राहात नाही. आपल्या रश्शात कोंबडी ह्याहून पुष्कळ अधिक शिजते. काळजी घ्यावयाची ती कच्चे मांस हाताळताना व धुताना, आणि मेलेल्या पक्ष्यास उघड्या हातांनी न शिवण्याची. आपल्या अनाठायी भीतीमुळे जो भाव कोसळतो, त्याची झळ प्रथम त्यालाच लागते ज्याने खरे सांगितले. पुढल्या वेळी तो गप्प बसला, तर त्याच्या मौनात आपलाही वाटा असेल.

बेळ्ळंदूरच्या दुकानात उद्या पहाटेही पिंजरे उतरतील. त्यांत एखादी कोंबडी मान टाकून पडलेली असेल. ती कोणत्या रोगाने मेली हे सांगणारी प्रयोगशाळा त्याच शहरात हेब्बाळला आहे. दुकानापासून प्रयोगशाळेपर्यंतचा रस्ता फार लांब नाही. तो चालून जाणाऱ्या माणसाचे नुकसान होणार नाही, एवढीच हमी आपण त्यास द्यावयाची आहे.